एकच वाद्य घ्यायचं झालं तर: सगळ्यात अष्टपैलू वाद्य कोणतं?

काळी_पाच

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवते. गाणं हा काही माझा विषय नाही, पण शाळेत पेटी वाजवणारी मी एकटीच. त्यामुळे प्रार्थना, स्नेहसंमेलन, पंधरा ऑगस्टची समूहगीतं, सगळं माझ्याकडे येतं. शाळेची पेटी तीस वर्षांची झाली. साधी सिंगल रीडची आहे, म्हणजे एका सुराला एकच पितळी जीभ. भात्याला दोन ठिकाणी चामडं चिकटवलंय आणि मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत बोलतच नाही. त्या जागी आले की मी वरचा धैवत घेते, आणि मुलांनाही आता तीच चाल खरी वाटायला लागली आहे.

यंदा माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने वाद्यांसाठी म्हणून साठ हजार रुपये दिले. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं की दहा तऱ्हेची वाद्यं आणून कपाटात ठेवायची नाहीत. एकच वाद्य निवडा, जे सगळीकडे चालेल, आणि तेच तीन-चार घ्या, म्हणजे मुलांच्या हाताला लागेल. मला ते पटलं. पण सगळीकडे चालणारं वाद्य म्हणजे नक्की कोणतं?

मुलांबद्दल सांगते. निम्म्या घरांत वारी आहे, पखवाज आणि टाळ मुलं पाळण्यातून ऐकत आलेली. दोघातिघांचे वडील बेंजो पार्टीत वाजवतात. एक मुलगी कीर्तन शिकते. बाकी सगळी मोबाइलवरची गाणी गातात. या सगळ्यांना एका वाद्यावर जागा मिळायला हवी.

माझं स्वतःचं मत अर्थातच पेटीकडे झुकतं. पण मला एवढं एकच वाद्य येतं, म्हणून ते मत असेल अशी शंका येते. तुम्ही सांगा.


पायपेटी

ताई, शंका घेऊ नका. पेटीच.

चाळीस वर्षं भजनी मंडळात आणि हौशी नाटकांत पेटी वाजवतोय, तर अनुभवावरून लिहितो. एका आठवड्यात एकाच पेटीवर मी शनिवारी काकड्याचे अभंग, रविवारी नाट्यपदं, मंगळवारी एका मुलीच्या ख्यालाची साथ आणि गुरुवारी लग्नात सिनेमातली गाणी वाजवली आहेत. पेटी तीच, माणूसही तोच. संगीत बारीत ढोलकी आणि तबल्याशेजारी पेटी असते. कव्वालीत असते. गुरुद्वारात असते. बंगाली घरात लेकीच्या सासरी पेटी जाते. रवींद्रनाथांना पेटी मुळीच आवडत नसे, पण आज रवींद्रसंगीत शिकणारी कितीतरी मुलं पेटी पुढ्यात घेऊनच बसतात.

आणि हे सगळं कशाच्या जोरावर? १८४० च्या दशकात पॅरिसला दबें नावाच्या कारागिराने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं वाद्य होतं, खुर्चीत बसून वाजवायचं. कलकत्त्याला द्वारकानाथ घोषांनी त्याची हातपेटी केली, म्हणजे जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशी. आपल्याकडे नाटकवाल्यांनी पायपेटी ठेवली, म्हणजे ऑर्गन, आणि भजनवाल्यांनी हातपेटी उचलली. १९११ साली 'मानापमाना'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळात पेटीचेच वादक. म्हणजे मराठी माणसाच्या कानावर जे नाट्यसंगीत पडलं त्यातला बराच भाग पेटीच्या पट्ट्यांवरून आलेला आहे.

मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. एकतीस वर्षं देशातल्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर जिला जागा नव्हती ती त्या एकतीस वर्षांत एकाही देवळातून, एकाही तमाशाच्या फडातून उठली नाही. यापेक्षा मोठा पुरावा काय द्यायचा?


गज

पायपेटीकाका, तुमच्या चाळीस वर्षांपुढे मी वयाने आणि अनुभवाने लहान आहे, पण इथे मला वेगळं वाटतं.

तुम्ही सांगितलंत ते पेटी कुठे कुठे जाते याबद्दल. ते शंभर टक्के खरं. पण तिथे गेल्यावर ती तिथली बोली बोलते का, हा दुसरा प्रश्न आहे आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. पेटी बारीत गेली तरी पेटीच राहते, गुरुद्वारात गेली तरी पेटीच. तिच्या सप्तकात बारा पट्ट्या, प्रत्येक पट्टीचा सूर कारखान्यात ठरलेला. दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीही नाही. आपलं गाणं मात्र बरचसं त्या मधल्या जागेत राहतं. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, तिथे आहे. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हेलकावणारा, गंधार तिथे आहे.

शुद्ध गंधाराचंच घ्या. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप जो गंधार ऐकू येतो तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत शंभर सेंटांचं अंतर असतं). पेटीचा गंधार ४०० वर. चौदा सेंट चढा. भूप गाताना तंबोरा आणि पेटी शेजारी ठेवा, मुलांनाही फरक कळेल.

माझं मत व्हायोलिनला. त्याला पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. चार तारा, एक गज, आणि बोट जिथे पडेल तो सूर. म्हणून ते जिथे गेलं तिथलं झालं. दक्षिणेत मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बाळुस्वामी यांनी ते कर्नाटक संगीतात आणलं. तंजावरच्या चौघा भावांपैकी वडिवेलूंना त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन दिलं. बसण्याची पद्धत बदलली, वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकलं, जुळणी बदलली. आणि आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक कचेरी, म्हणजे मैफल, क्वचितच होते. पेटीला जितका काळ आपण ओळखतो साधारण तितक्याच काळात हे परकं वाद्य तिथल्या माणसाच्या गळ्यासारखं गाऊ लागलं.

आपल्याकडे गजाननबुवा जोशी, वाईचे व्ही. जी. जोग, डी. के. दातार. दातारांचं व्हायोलिन डोळे मिटून ऐका, शब्द तेवढे नसतात. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनला लोकांनी 'गाणारं व्हायोलिन' म्हटलं ते उगीच नाही. आणि हेच वाद्य आयर्लंडच्या खेड्यात नाचाला साथ करतं, इजिप्तमध्ये अरबी मकाम वाजवतं, पॅरिसमध्ये ग्रापेलीच्या हातात जॅझ वाजवतं. प्रत्येक ठिकाणी वेगळा उच्चार. अष्टपैलू मी याला म्हणतो.


शाई

तालवाद्यांना कुणी विचारणारच नाही का?

तबला. ख्याल, ठुमरी, गझल, भजन, कथ्थक, लावणी, सिनेमा. साथ आणि एकल दोन्ही. थिरकवाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत पदांना साथ करत होते आणि तेच एकल वादनात दोन दोन तास पेशकार-कायदे मांडत होते. झाकीरभाईंनी १९७३ मध्ये 'शक्ती' गटात इंग्रज गिटारवादकाशेजारी तबला ठेवला आणि तिथून पुढे कुठल्या देशाच्या संगीताबरोबर तो वाजला नाही ते शोधावं लागेल. २०२४ च्या फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी, आणि त्याच डिसेंबरात ते गेले. अजूनही लिहिताना जड जातं.

तबला नुसता ठेका नव्हे, तो सुरात लागतो. दुनियेतल्या बहुतेक चामड्याच्या वाद्यांत उपस्वर अस्ताव्यस्त असतात, त्यांचा एकमेकांशी मेळ नसतो. तबल्याच्या पुडीवरच्या काळ्या गोल थरामुळे, म्हणजे शाईमुळे, ते मूळ सुराच्या पटीत येतात, तारेसारखे. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये लिहून दाखवलं. ज्या अनाम कारागिराने पहिल्यांदा पुडीवर शाईचे थर घोटले त्याला मी रोज रियाजाच्या आधी हात जोडतो.


सहा_तारा

गिटार. कारण सांगायलाच नको. एकट्याने गाता येतं, सुरावट आणि कॉर्ड दोन्ही वाजतात, खांद्याला अडकवून एसटीत नेता येते. आणि मींडेचं म्हणाल तर ब्रिजभूषण काब्रांनी ती मांडीवर आडवी ठेवून तारेवर सळई फिरवली आणि १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने राग वाजवून दाखवले. विश्वमोहन भट्टांनी तारा वाढवून मोहनवीणा केली. म्हणजे पट्टीवाली गिटार आणि गाणारी गिटार, दोन्ही एकाच कुळात.


गज

सहा_तारा, गिटारबद्दल आदर आहेच. पण आडवी गिटार वाजवताना उभ्या गिटारीची अर्धी ताकद सोडून द्यावी लागते. कॉर्ड जवळपास जातात. एकाच वाद्याचे दोन पैलू म्हणायचे की दोन वाद्यं, हा प्रश्न उरतो.


मडगांवकार

गोंयातून लिहितोय. गज यांनी व्हायोलिनचा विषय काढलात तर इथलं सांगणं भाग आहे.

आमच्याकडे व्हायोलिन चर्चच्या पाठशाळेतून आलं. पोर्तुगीज काळात पाद्रीच्या देखरेखीखाली मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, आणि व्हायोलिन शिकवायचे, प्रार्थनेच्या संगीतासाठी. तीच मुलं मोठी होऊन मुंबईला गेली आणि सिनेमाच्या स्टुडिओत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातले. ते लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालजींचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तलं ते नाव सगळ्यांना विनोदी गाण्यातलं म्हणून माहीत आहे, पण ते एका शिष्याने गुरूला केलेलं वंदन होतं. सकाळी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारा माणूस दुपारी शंकर-जयकिशनच्या ओळी वाजवत होता. आणि आमच्याच पार्श्याचे श्रीधर पार्सेकर त्याच वाद्यावर राग वाजवत होते. एकाच टीचभर प्रदेशातून आलेले दोन प्रवाह, वाद्य एकच.

पण मला खरं मत द्यायचंय ते घुमटाला. मातीचं मडकं, एका तोंडावर कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता कायद्याने आणि चांगल्या कारणाने बकऱ्याचं असतं. चवथीला आमच्या घरात घुमट आरती होते, सोबत शामेळ हे तालवाद्य आणि कासाळे म्हणजे झांजा. आणि ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी लग्नात मांडो ही कोंकणी गाणी गातात तेव्हा व्हायोलिनच्या बरोबरीने हेच घुमट वाजतं. २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं, ते योग्यच झालं. सूर म्हणाल तर त्यात फार नाहीत. पण दोन धर्मांची घरं एकाच मडक्यावर ताल धरतात, यापेक्षा वेगळी अष्टपैलू गोष्ट मला सुचत नाही.


शाई

मडगांवकार, तुमच्या प्रतिसादाने अंगावर काटा आला. घुमट ऐकलंय, पण हा विचार कधी केला नव्हता.


कोंबडी_वस्ती

काळी_पाच ताईंनी बेंजो पार्टीचा उल्लेख केला म्हणून लॉग इन झालो. माझे वडील आणि दोन्ही काका बेंजो वाजवतात. मी पण.

आपल्या बेंजोला लोक कमी लेखतात. त्याला परदेशी बँजोशी जोडतात, पण त्याचा काही संबंध नाही. हे जपानी तायशोगोतोचं पोर. शंभरेक वर्षांपूर्वी जपानमध्ये टाइपरायटरसारखी बटणं आणि तारा जोडून कुणीतरी ते बनवलं, ते बंदरांतून इकडे आलं. कुठे बुलबुलतरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू झालं आणि तिथल्या लोकसंगीताचं मानाचं वाद्य आहे. आणि आपल्याकडे त्याला पिकअप लावला, अँप्लिफायर जोडला, ट्रॉलीवर चढवलं, आणि गणपतीची मिरवणूक त्याच्या मागे चालायला लागली.

बेंजोवर काय वाजत नाही ते विचारा. कोळीगीत, गवळण, आरती, जुन्या सिनेमाची गाणी, काल आलेलं गाणं. आदल्या रात्री रिलीज झालेलं गाणं दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत वाजवायचं असतं, आणि ते कागदावर न लिहिता कानाने बसवायचं असतं. दुसरी गोष्ट, शंभर माणसं नाचत असताना, ताशा-ढोल वाजत असताना, त्यातून वर येऊन चाल ऐकू आली पाहिजे. व्हायोलिन तिथे ऐकू येईल का? पेटी येईल का? वाद्य कुठलं ते बघताना ते किती मोकळ्या जागेत वाजतं हे पण बघा.

आणि मींड. बटण दाबून उजव्या हाताने तार छेडताना डाव्या हाताने बटणाचा दाब बदलला की सूर थोडा हलतो. वडील त्यावर इतकं करतात की सनई वाजल्याचा भास होतो.


गज

कोंबडी_वस्ती, हे मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. दाब बदलून सूर हलवण्याबद्दल आणखी लिहाल का? त्यावर वेगळा धागा व्हायला हवा.


की_बोर्ड_प्लेयर

सगळे जुन्या वाद्यांत अडकलात. एका की-बोर्डमध्ये पेटी आहे, व्हायोलिन आहे, तबला आहे, घुमट पण कुणी सॅम्पल करून टाकलं तर तेही येईल. ऑर्केस्ट्रात मी एकटा चार वादकांचं काम करतो. साठ हजारांत तीन-चार चांगले की-बोर्ड येतील.

आणि नक्कल म्हणून हिणवू नका. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी आठवा. ती पुंगी नव्हतीच. कल्याणजी क्लॅव्हिओलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवत होते, जोडीला रवींची पेटी. आज गारुड्याची पुंगी म्हटलं की बहुतेकांच्या कानात तोच आवाज येतो. नक्कल खऱ्याहून जास्त पोचली.


भीमातीर

'नागिन'चं उदाहरण चांगलं आहे, पण त्याच्यातून वेगळी गोष्ट निघते. तो आवाज पोचला कारण कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनला पुंगीसारखं वाकवलं, तिच्या हरकती बोटांनी काढल्या. बटण दाबून 'पुंगी' निवडली नव्हती. शाळेतल्या पोराने की-बोर्डवर 'व्हायोलिन' निवडून पट्टी दाबली तर जे वाजतं ते व्हायोलिनचा रंग लावलेली पेटीच असते.

मी तंबोऱ्याबद्दल लिहिणार होतो. आमच्या भागात भोपळ्यांची शेती होते, भीमेच्या काठाने. ते भोपळे मिरजेला जातात. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा वेलीवर असतानाच कारागीर त्याचा घेर बघून ठरवतो, हा पुरुषाच्या तंबोऱ्याला, हा बाईच्या. तंबोरा कुठल्याही रागाला, कुठल्याही घराण्याला, कुठल्याही गळ्याला चालतो, पण स्वतः एक शब्द बोलत नाही. तो अष्टपैलू की एकपैलू, मला ठरवता येत नाही. म्हणून मत देत नाही.


पायपेटी

गज यांना उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. नातवाच्या मदतीने तंबोऱ्याचं अॅप लावून पेटीचा गंधार ताडून पाहिला. चढा आहे. चाळीस वर्षं मी तो सूर लावतोय आणि चांगल्या गवयांनी मला कधी काही बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा असावा.

पण आता माझं म्हणणं ऐका. पेटीला मींड नाही हे तिला जन्मापासून ठाऊक आहे. म्हणूनच चांगला पेटीवाला काय करतो? गवई मींड घेतो तेव्हा तो गप्प बसतो, किंवा जिथून मींड निघाली आणि जिथे पोचली ते दोनच सूर हलकेच दाबतो, मधली वाट गवयाला मोकळी सोडतो. भात्याचा दाब कमी-जास्त करून श्वास दाखवतो. बोरीचे तुळशीदास बोरकर वाजवायचे तेव्हा दोन पट्ट्यांच्या मधली जागा ऐकू येते असं वाटायचं. त्यांना २०१६ ला पद्मश्री मिळाली. ज्या वाद्याला रेडिओने दार लावलं होतं त्याच्या वादकाला.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पेटी वाजवताना तोंड मोकळं असतं. व्हायोलिन वाजवताना गाणं फार थोड्यांना जमतं, बासरी वाजवताना तर शक्यच नाही. बाबूजी सुधीर फडके पेटी पुढ्यात घेऊन स्वतः गायचे. कीर्तनकाराच्या मागचा पेटीवाला वाजवतो आणि धृपदही उचलतो. वर्गात एकटी शिक्षिका चाळीस मुलांसमोर उभी असते तेव्हा तिला वाजवायचंही असतं, गायचंही असतं, आणि तिसऱ्या रांगेतल्या मुलाकडे बघायचंही असतं. हे सगळं एकदम करू देणारी दुसरी वाद्यं फार नाहीत.


दूरदेशी

न्यू जर्सीहून. मुलगी शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते आणि शनिवारी सकाळी ऑनलाइन पुण्याच्या गुरूंकडे हिंदुस्थानी शिकते. त्यामुळे गज म्हणतात ते घरात रोज बघते आहे.

सुरुवातीला फार त्रास झाला. शाळेतली जुळणी वेगळी, गुरुजींची सा-प-सा-प वेगळी. रोज खुंट्या पिळून दोन तारा तुटल्या. मग गुरुजींनीच सुचवलं की शाळेची जुळणी तशीच ठेवू आणि दुसऱ्या तारेवर सा धरू, म्हणजे तारा म-सा-प-रे होतात. आता ती खुर्चीवरून उठते, खांद्यावरचं व्हायोलिन खाली घेते, जमिनीवर बसते आणि दोन मिनिटांत यमन लावते. हात तोच, पण मनगट वेगळं पडतं. शाळेत सूर टिपतात तसा टिपायचा, इथे सुरात शिरायचं, असं ती स्वतः म्हणाली. अकरा वर्षांची आहे.

पण ताई, एक प्रांजळपणे सांगते. पहिलं दीड वर्ष घरात तो आवाज सहन करणं सोपं नव्हतं, आणि तिला स्वतःलाही नव्हतं. दोनदा सोडायला निघाली. रोज समोर बसून बोट सरकवून देणारं कुणीतरी होतं म्हणून टिकली.


काळी_पाच

सगळं दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. घुमटाच्या प्रतिसादावर ती खूप वेळ बोलत होती, तिचं माहेर गोव्याच्या सीमेजवळच्या बांद्याकडचं.

मला वाटतं माझा प्रश्नच दोन प्रश्नांचा होता आणि गज यांनी तो सोडवून दिला. जिथे जाईल तिथलं होणारं वाद्य आणि जिथे जाईल तिथे चालणारं वाद्य. पहिलं व्हायोलिन, यात मला आता शंका राहिली नाही. पण आमच्या गावात व्हायोलिन शिकवणारं कुणी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एक गुरू आहेत, तिथे जायला दीड तास लागतो.

कोंबडी_वस्ती, तुमच्यामुळे एक गोष्ट केली. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना निरोप पाठवला. ते बेंजो घेऊन शाळेत आले. त्यांनी प्रार्थनेची चाल एकदा ऐकून वाजवली, मी पेटीवर धरली. मुलगा मागच्या बाकावर बसतो, कधी बोलत नाही. वडील वाजवत होते तेव्हा तो बाकावर बोटांनी तीच चाल दाबत होता, बटणं असल्यासारखी. त्याला येतं. मला तीन वर्षांत माहीत नव्हतं.


गज

ताई, मग माझाच सल्ला ऐका. शिकवणारा नसेल तर व्हायोलिन घेऊ नका. चार व्हायोलिनं कपाटात पडली तर वाद्याचाही अपमान आणि मुलांचाही. पेट्या घ्या. दोन पुरेत, डबल रीडच्या. मुलांचा गळा काळी चार-पाचच्या आसपास असतो, त्या पट्ट्यांवर रीड नीट बोलतात का ते दुकानात प्रत्येकी दाबून बघा. उरलेल्या पैशात बेंजो एक, आणि त्या मुलाच्या वडिलांनाच निवडायला घेऊन जा. आणि एक तंबोऱ्याचं यंत्र जरूर घ्या. पेटीबरोबर तेही रोज चालू ठेवा, म्हणजे चौदा सेंटांचा फरक पुढे कधीतरी त्यांच्या कानाला स्वतःहून लागेल.


कोंबडी_वस्ती

+१. बेंजो घेताना तारा मोकळ्या छेडून बघायला सांगा, बटणाखाली खरखर आली तर दुसरा घ्या.


शाई

ढोलकी एक तरी घ्या, ताई. विनंती.


काळी_पाच

शाई, ढोलकी वारकरी घरांतून येईल, तीन मुलांकडे आहेत. मुख्याध्यापकांचा 'एकच वाद्य' हा नियम मात्र मोडला. त्यांना धागा दाखवला, ते हो म्हणाले.


पायपेटी

नवीन पेट्या येतील तेव्हा येतील. जुनीचं काय? मंद्र धैवत बोलत नाही म्हणालात. बहुधा रीड मेलेली नसते, कचरा अडकलेला असतो. वरचं झाकण काढा, पट्ट्यांची फळी मोकळी करून उचला. आत पितळी रीडांची रांग दिसेल. धैवताची शोधा. पातळ कोरा कागद घ्या, वहीचा नको, पतंगाचा चालेल. तो रीडच्या जिभेखालून हलकेच सरकवा आणि जीभ नखाने एकदाच, अगदी किंचित, उचलून सोडा. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ पितळेला चांगली नाही.


काळी_पाच

आज मधल्या सुट्टीत केलं. चार मुली भोवती उभ्या होत्या. रीडखालून खडूची भुकटी निघाली आणि एक बारीक केस.

धैवत बोलला. वरच्या धैवताच्या मानाने थोडा उतरलेला वाटतो. काय करू?


पायपेटी

उतरलेला असेल तर जिभेच्या टोकाकडे किंचित घासलं की चढतो. मुळाकडे घासलं की उतरतो. पण ते तुम्ही करू नका, ताई, एक घाव जास्त पडला तर रीड गेली. तालुक्याला बाजाच्या दुकानात कुणी जुनं माणूस असेल तर त्याच्याकडे न्या. तोवर तसाच वाजवा. मुलांना खालचा धैवत ऐकू दे.